घरगुती ध्वनिक्षेपकांची परीक्षा आणि संगीताची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास (1915 ते 2003)

सारांश

घरी संगीत ऐकण्यासाठी घ्यावयाचा लाउडस्पीकर, म्हणजेच ध्वनिक्षेपक, चांगला की सामान्य हे ठरविताना कोणते संगीत वाजवून पाहावे, हा प्रश्न वरकरणी आवडीनिवडीचा वाटतो. प्रस्तुत लेखात 1915 ते 2003 या काळात अमेरिका, ब्रिटन, डेन्मार्क व कॅनडा येथे या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा आढावा घेतला आहे. परीक्षेसाठीचे संगीत यंत्राचे गुण दाखविण्यासाठी निवडले गेले की त्याचे दोष उघड करण्यासाठी, या भेदावर त्या परीक्षेची विश्वासार्हता अवलंबून राहिली, असे प्रतिपादन येथे केले आहे. अखेरीस तानपुरा व तबला यांच्या नादशास्त्रीय वैशिष्ट्यांच्या आधारे मराठी श्रोत्याच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ काय, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : ध्वनिक्षेपक, ध्वनिमुद्रण, श्रवणचाचणी, नादजाती, उपस्वर, तानपुरा.

1. प्रस्तावना

बाजारात मडके विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो. त्याच्या आवाजावरून मडके पक्के भाजलेले आहे की त्याला तडा गेला आहे, हे कळते. ध्वनिक्षेपकाची परीक्षा मात्र इतकी सोपी नाही. मडक्यातून येणारा आवाज मडक्याचाच असतो. ध्वनिक्षेपकाला स्वतःचा आवाज असू नये, अशीच अपेक्षा असते. त्याने दुसऱ्याचा आवाज, कोणतीही भर न घालता व काहीही न गाळता, पोहोचवावयाचा असतो. त्यामुळे ध्वनिक्षेपक वाजवून पाहताना आपण जे ऐकतो, त्यातील किती भाग ध्वनिमुद्रणाचा, किती खोलीचा आणि किती ध्वनिक्षेपकाचा, हे वेगळे करणे आवश्यक ठरते. हे वेगळेपण साधण्याचे सामान्य माणसाच्या हातातील एकमेव साधन म्हणजे संगीताची योग्य निवड होय.

या निवडीचा इतिहास सुमारे शंभर वर्षांचा आहे. त्यात कंपन्यांची जाहिरातबाजी आहे, अभियंत्यांचा प्रामाणिक प्रयत्न आहे आणि अलीकडच्या काळातील काटेकोर प्रयोगही आहेत. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासावर बरेच लेखन झाले आहे. परंतु ‘परीक्षेसाठी काय वाजवावे’ या प्रश्नाकडे स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच पाहिले गेले आहे.

2. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) ध्वनिपुनरुत्पादनाच्या परीक्षेसाठी संगीत निवडण्याच्या प्रमुख पद्धतींचा कालक्रमाने परिचय करून घेणे, (आ) प्रत्येक पद्धतीमागील गृहीतके तपासणे, (इ) या पद्धतींच्या प्रकाशात भारतीय अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा परीक्षेसाठी कितपत उपयोग होऊ शकतो, याचा विचार करणे. त्यासाठी प्रकाशित साहित्याच्या आधारे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. चित्रपटगृहे व जाहीर कार्यक्रम यांतील ध्वनिक्षेपकांचा विचार अनुषंगापुरताच केला आहे.

3. एडिसनची ‘टोन टेस्ट’ : गायिकेने यंत्रासारखे गाणे

थॉमस एडिसन याने 1877 मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. 1912 मध्ये त्याच्या कंपनीने ‘डायमंड डिस्क’ ही जाड तबकडी व ती वाजविणारे यंत्र बाजारात आणले. स्पर्धकांच्या तुलनेत आपले यंत्र श्रेष्ठ आहे हे पटविण्यासाठी 1915 पासून सुमारे दहा वर्षे कंपनीने अमेरिकेत गावोगावी ‘टोन टेस्ट’ या नावाचे कार्यक्रम केले. रंगमंचावर यंत्राशेजारी गायिका उभी राही. काही ओळी ती गाई, मग ती थांबे आणि यंत्र पुढे गात राही. कित्येकदा सभागृहातील दिवे मालविले जात आणि ते पुन्हा लागले की गायिका रंगमंचावर नाहीच, हे पाहून श्रोते थक्क होत. एप्रिल 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरी रॅपोल्ड या गायिकेचा असा कार्यक्रम झाला. ॲना केस ही या उपक्रमातील सर्वांत प्रसिद्ध गायिका होय.

आज त्या तबकड्या ऐकताना हा परिणाम कसा साधला गेला असेल, याचे आश्चर्य वाटते. त्या काळचे ध्वनिमुद्रण विजेशिवाय, केवळ कर्ण्याच्या साहाय्याने होत असे. त्यात खर्जातील आणि तार सप्तकापलीकडील बराचसा भाग उमटतच नसे. या कोड्याचा एक उलगडा ॲना केस हिनेच उत्तरायुष्यात केला. आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत होतो, असे तिने मान्य केले. म्हणजे यंत्राने माणसाची बरोबरी करण्याऐवजी माणूसच यंत्राच्या मर्यादेत उतरला होता.

या कार्यक्रमांतील संगीताची निवडही लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांत एकल स्त्रीस्वर, व्हायोलिन व बासरी यांना प्राधान्य होते. कर्ण्याद्वारे होणाऱ्या मुद्रणात हे नाद तुलनेने चांगले उतरत. पियानो, मोठा वाद्यवृंद, ढोल यांचे मुद्रण कठीण असल्याने ते परीक्षेच्या बाहेरच राहिले. इतिहासकार एमिली थॉम्पसन यांनी 1995 मध्ये लिहिलेल्या अभ्यासपूर्ण लेखात या कार्यक्रमांनी श्रोत्यांना ‘हुबेहूबपणा’ कसा ऐकावा हेच शिकविले, या अंगाने त्यांचे विवेचन केले आहे. आपल्या विषयापुरता निष्कर्ष असा की, ज्या संगीतात यंत्र नापास होण्याची शक्यताच नाही, असे संगीत निवडले तर परीक्षेचा निकाल आधीच ठरलेला असतो.

4. प्रात्यक्षिकाच्या ध्वनिमुद्रिका : थक्क करणारे संगीत

1925 मध्ये दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. विद्युत ध्वनिमुद्रण व्यवहारात आले आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कर्णाविरहित, फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकावरील निबंध प्रसिद्ध केला. आजही घरोघरीचे बहुसंख्य ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर चालतात. या बदलामुळे ऐकू येणाऱ्या कंप्रतांचा पल्ला दोन्ही टोकांना वाढला आणि परीक्षेचा प्रश्न नव्याने उभा राहिला. आता यंत्र खूप काही वाजवू शकत होते. ते सिद्ध करणारे मुद्रण हवे होते.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचे आवाज ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी ब्रिटनच्या डेक्का कंपनीने विस्तृत पल्ल्याचे मुद्रणतंत्र विकसित केले होते. युद्धानंतर ते संगीतासाठी वापरले गेले. एर्नेस्ट अँसर्मे याच्या संचालनाखाली मुद्रित झालेली स्ट्राविन्स्कीची ‘पेत्रुश्का’ ही 1946 मधील ध्वनिमुद्रिका या तंत्राचे प्रात्यक्षिक म्हणून गाजली. 1948 मध्ये दीर्घकाळ वाजणारी एल.पी. ध्वनिमुद्रिका आली. 1951 मध्ये मर्क्युरी कंपनीने शिकागोच्या वाद्यवृंदाचे, राफाएल कुबेलिक याच्या संचालनाखाली, मुसोर्ग्स्कीच्या ‘पिक्चर्स ॲट अ‍ॅन एक्झिबिशन’चे मुद्रण केवळ एका मायक्रोफोनच्या साहाय्याने केले. चायकोव्हस्कीच्या ‘1812’ या रचनेच्या मर्क्युरीच्या मुद्रणात खऱ्या तोफेचे आवाज मिसळण्यात आले.

याच सुमारास संगीताची जागा काही प्रमाणात नुसत्या आवाजांनी घेतली. एमरी कुक या अमेरिकन अभियंत्याने आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले आणि न्यूयॉर्कच्या 1951 च्या ध्वनिप्रदर्शनात ते ऐकण्यासाठी लोकांनी गर्दी केली. 1958 च्या सुमारास द्विमार्गी, म्हणजे स्टीरिओ, ध्वनिमुद्रिका सर्वत्र मिळू लागल्या. त्यानंतर एनॉक लाइट याची ‘पर्सुएसिव्ह पर्कशन’ (1959) ही ध्वनिमुद्रिका अफाट खपली. तिच्यात तालवाद्यांचे आघात टेबलटेनिसच्या चेंडूप्रमाणे डावीकडून उजवीकडे उडत असत. 1979 मध्ये टेलार्क कंपनीने ‘1812’चे अंकीय मुद्रण प्रसिद्ध केले, तेव्हा तोफांच्या आवाजाने ध्वनिक्षेपकाला इजा होऊ शकते, असा इशारा त्यावर छापण्यात आला होता.

या ध्वनिमुद्रिकांनी विक्रेत्यांची मोठी सोय केली. परंतु परीक्षेचे साधन म्हणून त्यांत एक मूलभूत उणीव होती. तोफ घरात कशी ऐकू यावी, हे कोणालाच ठाऊक नसते. मूळ नाद परिचयाचा नसेल तर त्याच्या प्रतिकृतीतील चूक कशाच्या आधारे ओळखणार? शिवाय जोराचा आघात क्षणार्धात संपतो. त्याने श्रोता दचकतो. पण ध्वनिक्षेपकाचा नादावर चढणारा सूक्ष्म रंग तपासायला कानाला वेळ मिळत नाही.

5. प्रत्यक्ष वादनाशी तुलना : ब्रिग्ज, विल्चर व बी.बी.सी.

या दिखाऊपणाच्या काळातच काही अभियंत्यांनी एडिसनचा जुना प्रयोग अधिक प्रामाणिकपणे करून पाहिला. यॉर्कशरमधील व्हार्फडेल कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी 1954 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन व त्याचे मुद्रण यांची जाहीर तुलना आयोजित केली. क्वाड ध्वनिवर्धकांचे निर्माते पीटर वॉकर या उपक्रमात त्यांच्यासोबत होते. 1955 मध्ये असाच कार्यक्रम कार्नेगी हॉलमध्ये झाला.

अमेरिकेत एडगर विल्चर यांनी या प्रयोगातील एक महत्त्वाची त्रुटी दूर केली. बंद हवेच्या उशीवर चालणारा त्यांचा लहान आकाराचा ध्वनिक्षेपक 1954 मध्ये बाजारात आला होता. पुढे त्यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने ‘फाइन आर्ट्स क्वार्टेट’ या चार तंतुवादकांच्या संचासमवेत अनेक शहरांत 75 हून अधिक कार्यक्रम केले. वादक मध्येच गज तारांवरून किंचित उचलत व वाजविण्याचा केवळ अभिनय करीत. त्या वेळी ध्वनिक्षेपक वाजत असत. सभागृहात केलेले मुद्रण पुन्हा सभागृहातच वाजविले, तर भिंतींचा निनाद दोनदा ऐकू येतो आणि तुलना फसते. म्हणून या कार्यक्रमांसाठीचे मुद्रण निनाद टाळून, उघड्यावर केलेले होते. मुद्रणात एका खोलीचा निनाद व ऐकताना दुसऱ्या खोलीचा निनाद मिसळतो, ही बाब संगीत निवडताना विचारात घेतली पाहिजे, हे यातून स्पष्ट झाले.

बी.बी.सी.च्या संशोधन विभागाचा मार्ग आणखी साधा होता. तेथील अभियंत्यांना स्टुडिओ हाताशी होता. आत माणूस बोलत असे आणि शेजारच्या कक्षात तोच आवाज ध्वनिक्षेपकातून येत असे. दोन दारांमधले अंतर चालून जाऊन तुलना करता येत असे. माणसाचे बोलणे, विशेषतः ओळखीच्या माणसाचे बोलणे, आपण जन्मभर ऐकत असतो. त्यात थोडीशी जरी नाकातली किंवा डब्यातली छटा मिसळली, तरी ती जाणवते. 1970 च्या दशकातील ‘एल.एस. 3/5 ए’ हा बी.बी.सी.चा छोटा ध्वनिक्षेपक या परंपरेतूनच घडला आणि निवेदकाच्या आवाजाच्या स्वाभाविकतेसाठी नावाजला गेला.

या तिन्ही प्रयत्नांत एक समान सूत्र आहे. मूळ नाद समोर किंवा अगदी ताज्या स्मृतीत असला पाहिजे, ही अट त्यांनी पाळली. सामान्य ग्राहकाला मात्र ही अट पाळता येत नाही. त्याच्या घरी चार तंतुवादक येऊन बसणार नाहीत. त्याच्यापाशी असते ते केवळ मुद्रण आणि आठवण.

6. निवडीचे शास्त्र : दोष उघड करणारे संगीत

1980 नंतर या प्रश्नाला प्रयोगशाळेत नवे वळण मिळाले. 1988 मध्ये युरोपीय प्रसारण संघाने ध्वनीची गुणवत्ता पारखण्यासाठी खास निवडलेल्या मुद्रणांची तबकडी प्रसिद्ध केली. तीत एकेका वाद्याचे छोटे तुकडे, खटखटणारी कॅस्टनेट्स, धातूच्या पट्ट्यांचे ग्लॉकेनश्पील आणि इंग्रजी, फ्रेंच व जर्मन भाषांतील निवेदन यांचा समावेश होता. डेन्मार्कमध्ये ‘आर्किमिडीज’ या संशोधन प्रकल्पासाठी निनादरहित कक्षात वाद्यांचे मुद्रण करण्यात आले व 1992 मध्ये ते तबकडीच्या रूपाने उपलब्ध झाले.

सर्वांत पद्धतशीर काम कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी केले. 1985 व 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी पुढील गोष्टी दाखवून दिल्या : श्रोत्यांना ध्वनिक्षेपक दिसू दिला नाही, दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर ठेवला आणि खोलीतील जागा नियंत्रित ठेवली, तर बहुसंख्य श्रोत्यांचे मत जुळते. तसेच, एक ध्वनिक्षेपक एकटाच वाजविला असता त्याचे दोष जितके स्पष्ट होतात, तितके ते स्टीरिओ जोडीत होत नाहीत. डावी-उजवीकडील विस्ताराच्या आनंदात कान नादाच्या रंगाकडे दुर्लक्ष करतो.

आवाजाची पातळी सारखी ठेवण्याचे महत्त्व 1933 मधील फ्लेचर व मन्सन यांच्या संशोधनाने आधीच अधोरेखित केले होते. आवाज लहान केला की खर्ज कानाला अधिक प्रमाणात कमी ऐकू येतो. त्यामुळे थोडा मोठा वाजणारा ध्वनिक्षेपक हा अधिक ‘भरदार’ भासतो, आणि ग्राहक त्यालाच चांगला समजतो.

1994 मध्ये टूल व शॉन ऑलिव्ह यांनी दाखविले की, ध्वनिक्षेपक डोळ्यांना दिसत असताना दिलेल्या मतांवर त्याचा आकार, रूप व कीर्ती यांचा मोठा प्रभाव पडतो. पडद्याआडच्या चाचणीत हा प्रभाव नाहीसा होतो. त्याच वर्षी ऑलिव्ह यांनी श्रोत्यांचे प्रशिक्षण व संगीताची निवड याच विषयावर निबंध सादर केला. मुद्रणाच्या नादात मुद्दाम फेरफार करून ते श्रोत्यांना ओळखावयास सांगितले असता, कोणत्या संगीतात फेरफार लवकर सापडतात, हे त्यांनी मोजले. ‘पिंक नॉइज’ हा, प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला व धबधब्यासारखा ऐकू येणारा ध्वनी, सर्वांत उपयुक्त ठरला. संगीतात ट्रेसी चॅपमन हिच्या ‘फास्ट कार’ या गाण्यासारखी, खर्जापासून तार टोकापर्यंत भरलेली गाणी वरच्या क्रमांकावर राहिली. एकल वाद्ये व निवेदन यांचा क्रम खाली लागला.

हा निष्कर्ष बी.बी.सी.च्या परंपरेशी विसंगत वाटतो. पण विसंगती वरवरची आहे. बोलण्याचा नाद परिचयाचा असला तरी तो थोड्याच कंप्रतांवर असतो व मध्येमध्ये तुटतो. त्यामुळे त्याच्या पट्ट्यातील दोष तो उत्तम रीतीने दाखवितो, बाहेरील दोषांविषयी मात्र काहीच सांगत नाही. टूल व ऑलिव्ह यांनी 1988 मध्येच दाखविले होते की, ध्वनिक्षेपकातील पसरट अनुस्पंदने सलग व दाट नादात अधिक सहजपणे ऐकू येतात. म्हणजे परिचय, विस्तार व सातत्य या तीन गुणांचा मेळ ज्या संगीतात असेल, ते परीक्षेसाठी श्रेष्ठ होय.

2003 मध्ये ऑलिव्ह यांनी 12 प्रशिक्षित व 256 अप्रशिक्षित श्रोत्यांची तुलना प्रसिद्ध केली. प्रशिक्षित श्रोते अधिक काटेकोर व सातत्यपूर्ण होते. पण चार ध्वनिक्षेपकांतील पसंती दोन्ही गटांत सर्वसाधारणपणे सारखीच होती. चांगला ध्वनिक्षेपक ओळखण्याची क्षमता काही मोजक्या ‘कानसेनां’चीच मक्तेदारी नाही, हा या प्रयोगाचा सर्वसामान्य श्रोत्याला मिळालेला दिलासा होय.

7. वर्तुळाची अडचण

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. मुद्रण निर्दोष आहे, हे कशावरून? ध्वनिमुद्रक अभियंता मुद्रणाचा समतोल ठरवितो तो स्वतःसमोरच्या ध्वनिक्षेपकावर ऐकूनच. तो ध्वनिक्षेपक तार टोकाला तीक्ष्ण असेल, तर अभियंता मुद्रणात ते टोक कमी करतो. पुढे त्याच मुद्रणाने आपण घरचा ध्वनिक्षेपक पारखतो. टूल यांनी या परिस्थितीला ‘गोंधळाचे वर्तुळ’ म्हटले आहे. 1978 मध्ये घरगुती वापरासाठी आलेला यामाहाचा ‘एन.एस. 10’ हा ध्वनिक्षेपक याचे बोलके उदाहरण आहे. घरांपेक्षा स्टुडिओंतच तो अधिक रुजला आणि त्याचा तार भाग झोंबतो म्हणून अनेक अभियंते त्यावर टिश्यू कागद चिकटवीत. अशा साधनांवर समतोल ठरलेली असंख्य गाणी जगभर गेली. 2001 मध्ये माकिविर्ता व आने यांनी शंभराहून अधिक व्यावसायिक कक्षांतील ध्वनिक्षेपकांची मापने प्रसिद्ध केली. त्यांत विशेषतः खर्जाच्या बाबतीत कक्षाकक्षांत मोठी तफावत आढळली.

यावरून एकाच आवडत्या ध्वनिमुद्रिकेवर निर्णय सोपविणे धोक्याचे आहे, हे उघड होते. एका मुद्रणात गायकाचा आवाज जाड वाटला, तर दोष मुद्रणाचा असू शकतो. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या काळी झालेल्या पाच-सहा मुद्रणांत तोच जाडपणा पुन्हा पुन्हा आढळला, तर तो ध्वनिक्षेपकाचा आहे, असे खात्रीने म्हणता येते.

8. भारतीय वाद्ये व मराठी श्रोता

वरील सर्व प्रयोग पाश्चात्त्य संगीतावर झाले. त्यांतील तत्त्वे मात्र संगीतप्रकारावर अवलंबून नाहीत. ती नादाच्या घडणीवर अवलंबून आहेत. या दृष्टीने आपल्या वाद्यांकडे पाहिले असता काही उपयुक्त गोष्टी ध्यानात येतात.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये तानपुरा व वीणा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार जेथे छेडली जाते त्या बिंदूमुळे जे उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत, तेही या वाद्यांत जोरकसपणे ऐकू येतात, असे त्यांनी दाखविले. घोडीच्या रुंद व किंचित गोलसर पृष्ठभागावर तार घासत राहते. तीत दोरा घालून कारागीर जी जवारी साधतो, तिच्यामुळे उपस्वरांची ही रांग तार छेडल्यानंतर हळूहळू उलगडत जाते. त्याआधी 1920 मध्ये रामन व शिवकाली कुमार यांनी शाईमुळे आपल्या तालवाद्यांना सुरेल उपस्वर कसे लाभतात, याविषयी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले होते.

काळी एक या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर बोलते आणि तिचे उपस्वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जातात. चारही तारा मिळून हा नाद सलग व दाट असतो. सातत्य व विस्तार हे जे गुण मागील विभागात महत्त्वाचे ठरले, ते दोन्ही येथे एकत्र आढळतात. म्हणून तानपुऱ्याचे चांगले मुद्रण हे घरगुती परीक्षेसाठी उत्तम साधन ठरावे, असे अनुमान काढता येते. ध्वनिक्षेपकात एखादे अनुस्पंदन असेल, तर उलगडणाऱ्या उपस्वरांपैकी एखादाच अकारण पुढे येतो किंवा लोपतो. लहान पेटीच्या ध्वनिक्षेपकावर खर्जाची तार स्वतः क्षीण होते व केवळ तिचे उपस्वर उरतात. तबल्याच्या जोडीत डग्ग्याची मींड खालच्या टोकाची, तर चाटेवरचा आघात वरच्या टोकाची परीक्षा घेतो. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये घडत आहेत आणि 2024 मध्ये तेथील सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या प्रदेशात हे वाद्य घडते व घरोघरी गाणाऱ्यांजवळ असते, तेथील श्रोत्याला बी.बी.सी.च्या अभियंत्याप्रमाणे मूळ नाद शेजारच्या खोलीत ठेवून तुलना करण्याची सोय आजही उपलब्ध आहे.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली, आवडते मुद्रण व उपयुक्त मुद्रण यांत गल्लत होऊ नये. अब्दुल करीम खाँ यांच्या 1930 च्या दशकातील ध्वनिमुद्रिका मराठी रसिकाला प्राणप्रिय आहेत. परंतु लाखेच्या त्या तबकड्यांत खर्जाचा तळ व तार टोक फारसे उमटलेले नाही. जे मुद्रणातच नाही, ते ध्वनिक्षेपकाने दिले की गमावले, हे कसे कळणार? दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. गेल्या काही दशकांतील अनेक मुद्रणांत व मैफलींत तानपुऱ्याची जागा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने घेतली आहे, म्हणजे मूळ नादच एका छोट्या ध्वनिक्षेपकातून आलेला असतो. पुण्यात 1953 पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मंडपातील गायनही आजचा श्रोता ध्वनिवर्धकातूनच ऐकतो. अशा श्रोत्याची ‘प्रत्यक्ष गाण्याची’ आठवण ही वस्तुतः दुसऱ्या ध्वनिक्षेपकाची आठवण असते. टूल यांनी स्टुडिओविषयी सांगितलेले वर्तुळ येथे श्रोत्याच्या स्मृतीतच पूर्ण होते. ज्याने एखादी छोटी बैठक मायक्रोफोनशिवाय ऐकली आहे, त्याच्याकडे या वर्तुळाबाहेरचा एक मानदंड शिल्लक आहे. असे श्रोते कमी होत गेले, तर उत्तमात उत्तम यंत्राची पारख करायलाही मूळ नाद ओळखणारा कान उरणार नाही.

9. निष्कर्ष

1. ध्वनिक्षेपकाच्या परीक्षेसाठी संगीत निवडण्याच्या इतिहासात ‘गुण दाखविणारे’ व ‘दोष दाखविणारे’ संगीत असा स्पष्ट भेद आढळतो. एडिसनच्या कार्यक्रमांपासून तोफांच्या मुद्रणापर्यंतची परंपरा पहिल्या प्रकारची, तर 1980 नंतरची प्रायोगिक परंपरा दुसऱ्या प्रकारची आहे.

2. ब्रिग्ज, विल्चर व बी.बी.सी. यांनी मूळ नादाशी तुलना हा निकष पुनःस्थापित केला. तो सर्वांत प्रामाणिक असला तरी घरगुती ग्राहकाला क्वचितच साध्य होतो.

3. परिचित, विस्तृत पल्ल्याचे व सलग असे संगीत परीक्षेसाठी अधिक उपयुक्त ठरते. अशी निरनिराळ्या उगमांची अनेक मुद्रणे घ्यावीत. आवाजाची पातळी सारखी ठेवावी. प्रथम एकच ध्वनिक्षेपक वाजवून पाहावा आणि शक्य तेथे तो डोळ्याआड ठेवावा.

4. तानपुरा व तबला यांची, खरी वाद्ये वापरून केलेली आधुनिक मुद्रणे या कसोट्यांना उतरण्याची शक्यता मोठी आहे. हे अनुमान नियंत्रित श्रवणचाचण्यांनी तपासून पाहणे हा संगीत व भौतिकशास्त्र या दोन्ही विभागांना एकत्र आणणारा संशोधनविषय ठरू शकेल. एखाद्या महाविद्यालयात एक तानपुरा, एक पडदा व दोन ध्वनिक्षेपक एवढ्या साधनांवरही त्याची सुरुवात करता येईल.

5. परीक्षेचे अंतिम साधन यंत्र किंवा तबकडी हे नसून मूळ नादाची स्मृती हे आहे. ती स्मृती प्रत्यक्ष, ध्वनिवर्धकाविना ऐकलेल्या गाण्याबजावण्यातूनच घडते. म्हणून छोट्या बैठकांचे जतन हा केवळ सांस्कृतिक जिव्हाळ्याचा विषय नाही. ध्वनिपुनरुत्पादनाचा दर्जा ठरविण्याच्या दृष्टीनेही त्याला मोल आहे.